घशाचा कर्करोग, एचपीव्ही आणि पी१६: रिपोर्टमधल्या एका ओळीवरून पुढचे किती कळते?

शोधयात्री (मूळ लेखन)

घशाच्या कर्करोगाच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये आता अनेकदा पी१६ या पेशीतल्या प्रथिनाविषयी ‘पी१६ पॉझिटिव्ह’ किंवा ‘पी१६ निगेटिव्ह’ अशी एक ओळ असते. ती वाचून कुणी निर्धास्त होतो, कुणी हबकतो, आणि दोन्ही वेळा त्या ओळीत जेवढे सांगितलेले असते त्यापेक्षा जास्त अर्थ तिच्यातून काढला जातो. मी डॉक्टर नाही; वैद्यकीय संशोधनातल्या आकडेवारीचे विश्लेषण करणे हे माझे काम आहे. या तपासणीमागचे विज्ञान पक्के आहे, परंतु ते कोणत्या जागेच्या गाठीला आणि कोणत्या प्रश्नापुरते लागू पडते हे नीट समजून घेतले नाही तर त्यातून चुकीचे निर्णय होऊ शकतात, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी जागेविषयी. नाकामागचा भाग, तोंडामागचा भाग आणि त्याखाली स्वरयंत्राभोवतीचा भाग, असे घशाचे ढोबळ विभाग पडतात, आणि या प्रत्येक ठिकाणच्या कर्करोगाची कारणे व वागणूक वेगवेगळी असते. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, घट्ट संबंध आहे तो तोंडामागच्या भागाशी, आणि त्यातही टॉन्सिल व जिभेचे मूळ यांच्याशी. तिथल्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात आणि त्या खाचांमधले अस्तर पातळ व ठिकठिकाणी तुटक असते, त्यामुळे विषाणूला आतल्या पेशींपर्यंत पोहोचणे सोपे जाते. या विषाणूचे शंभरहून अधिक प्रकार असले तरी इथल्या कर्करोगांमध्ये सापडणारा प्रकार बहुतांश वेळा एकच असतो, तो म्हणजे एचपीव्ही-१६.

हा विषाणू तयार करत असलेल्या प्रथिनांपैकी दोन कर्करोगासाठी मुख्यतः कारणीभूत ठरतात. ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते, तर ई७ हे रेटिनोब्लास्टोमा प्रथिनाला निकामी करते. रेटिनोब्लास्टोमा प्रथिन म्हणजे पेशीविभाजनावरचा लगाम आहे. तो सुटला की पेशी विभागत राहते आणि त्या गोंधळाला उत्तर म्हणून पी१६ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर साठू लागते. एरवी पी१६ विभाजन थांबवते, पण इथे ज्या लगामामार्फत ते काम करते तोच तुटलेला असल्यामुळे त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून ऊतकावर रंगक्रिया करून पी१६ भरपूर दिसले, तर ई७ कार्यरत असावे असे अनुमान काढता येते. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष विषाणू पाहिलेला नाही, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी.

रोगाच्या पुढच्या वाटचालीशी याचा संबंध २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे दाखवला. तोंडामागच्या भागाचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या ३२३ रुग्णांच्या गाठींची विषाणूसाठी तपासणी झाली आणि त्यातल्या सुमारे ६४ टक्के गाठींमध्ये तो सापडला. तीन वर्षांनंतर विषाणूजन्य गटातले ८२.४ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ५७.१ टक्के. वय, गाठीचा आकार, तंबाखू अशा इतर बाबींचा हिशेब केल्यानंतरही विषाणूजन्य गटातला मृत्यूचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होता. दोन्ही गटांना रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध हेच उपचार मिळाले होते, त्यामुळे हा फरक उपचारांमधल्या फरकाचा नव्हता.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती कमी सांगितली जाते. रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर ओढलेल्या सिगारेटींना एक पाकीट-वर्ष म्हणतात. अशा प्रत्येक पाकीट-वर्षामागे मृत्यूचा धोका सुमारे एक टक्क्याने वाढत होता, आणि विषाणूजन्य गटही त्याला अपवाद नव्हता. संशोधकांनी विषाणू, तंबाखू आणि गाठीचा पसारा एकत्र धरून रुग्णांचे तीन गट केले, तेव्हा तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण कमी धोक्याच्या गटात ९३, मधल्या गटात ७०.८ आणि जास्त धोक्याच्या गटात ४६.२ टक्के आले. विषाणूजन्य कर्करोग, पण दहा पाकीट-वर्षांहून अधिक धूम्रपान आणि मानेत पसरलेल्या अनेक किंवा मोठ्या गाठी, अशी स्थिती असलेला रुग्ण मधल्या गटात जातो. केवळ ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावरून भविष्य वाचू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

चांदणवेल

लेखाबद्दल मनापासून आभार. माझ्या सासऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ आहे आणि मानेत त्याच बाजूला दोन लहान गाठी आहेत. पी१६ पॉझिटिव्ह आहे. एका कागदावर ‘स्टेज ४’ लिहिले आहे आणि दुसऱ्या ठिकाणच्या मतामध्ये ‘स्टेज १’. इतका फरक कसा असू शकतो, हे आम्हाला कळत नाही. त्यांनी पूर्वी बरीच वर्षे सिगारेट ओढली आहे, मात्र आता ती सोडून बराच काळ झाला आहे.

शोधयात्री

चांदणवेलताई, दोन्ही आकडे एकाच रोगाचे असू शकतात. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या वर्गीकरणाची आठवी आवृत्ती अमेरिकेत १ जानेवारी २०१८ पासून वापरात आली आणि तिच्यात तोंडामागच्या भागाच्या पी१६ पॉझिटिव्ह कर्करोगासाठी स्वतंत्र कोष्टक केले गेले. जुन्या पद्धतीत मानेच्या एकाच बाजूला एकापेक्षा जास्त गाठी असल्या की रुग्ण चौथ्या टप्प्याच्या पहिल्या उपगटात जात असे. नव्या कोष्टकात त्याच बाजूच्या, सहा सेंटिमीटरपर्यंतच्या सर्व गाठी एकाच वर्गात धरल्या जातात, आणि मूळ गाठ लहान किंवा मध्यम असेल तर एकंदर टप्पा पहिला ठरतो. चौथा टप्पा आता या रोगात केवळ दूरच्या अवयवांत पसरलेल्या कर्करोगासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणून आपल्या डॉक्टरांना ‘हा टप्पा कोणत्या आवृत्तीप्रमाणे लिहिला आहे?’ असे थेट विचारावे.

मात्र ‘पहिला टप्पा’ वाचून उपचार थोडक्यात आटोपतील असे समजू नये. नवे टप्पे ज्या रुग्णांच्या आकड्यांवरून बेतले गेले त्यांच्यापैकी बहुतेकांना पूर्ण तीव्रतेचे उपचार मिळाले होते. ते उपचार घेतल्यानंतर रुग्ण किती काळ जगले, एवढेच तो आकडा सांगतो.

सिगारेटविषयी: आधीच्या धूम्रपानाचा परिणाम पुसला जात नाही, पण उपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांचे निकाल अधिक वाईट येतात हेही दिसून आले आहे. सासऱ्यांनी ती आधीच सोडली आहे, ही त्यांच्या बाजूने जाणारी गोष्ट आहे. एकूण किती वर्षे आणि रोज किती, हे लिहून डॉक्टरांना द्यावे. हा तपशील कागदपत्रांत अनेकदा नुसता ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच नोंदलेला असतो.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीमध्ये काम करते आणि पी१६ म्हणजे विषाणू नव्हे हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडू इच्छिते, कारण आमच्याकडून निघालेला रिपोर्ट पुढे कसा वाचला जातो याची मला काळजी वाटते.

पी१६ पॉझिटिव्ह म्हणण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान ७० टक्के कर्कपेशींमध्ये, केंद्रक आणि पेशीद्रव अशा दोन्ही ठिकाणी, मध्यम ते गडद रंग दिसावा लागतो. चाळीस-पन्नास टक्के पेशी रंगल्या असतील तर तो निकाल ‘थोडासा पॉझिटिव्ह’ नसतो. त्या रेषेच्या खालचा निकाल निगेटिव्ह समजला जातो. ही तपासणी स्वस्त आहे, साध्या प्रयोगशाळेत होते आणि फारच थोड्या विषाणूजन्य गाठी तिच्या नजरेतून सुटतात, म्हणून ती जगभर रुजली. मात्र विषाणूचा काहीही संबंध नसताना रेटिनोब्लास्टोमा प्रथिनाचा मार्ग इतर कारणांनी बिघडला, तरीही पी१६ वाढते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांमधल्या ७६५४ रुग्णांची माहिती एकत्र केलेल्या अभ्यासातून कळले. त्यात ९.२ टक्के रुग्णांमध्ये पी१६ आणि प्रत्यक्ष विषाणूची तपासणी यांचे निकाल परस्परविरोधी निघाले. दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८१.१ टक्के हयात होते आणि दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांपैकी ४०.४ टक्के. पी१६ पॉझिटिव्ह, पण विषाणू नाही अशांचे प्रमाण ५४.७ टक्के होते, आणि विषाणू आहे पण पी१६ निगेटिव्ह अशांचे ५३.२ टक्के. म्हणजे केवळ पी१६ पाहून ज्यांना उत्तम भविष्याच्या गटात बसवले जाते, त्यांच्यातल्या काहींचे भविष्य वास्तविक मधल्या गटातले असते. जिथे विषाणूजन्य कर्करोगाचे प्रमाण मुळात कमी आहे अशा प्रदेशांत ही विसंगती अधिक आढळली, आणि ते तर्काला धरूनच आहे: विषाणूजन्य गाठी जितक्या कमी, तितका खोट्या पी१६चा वाटा मोठा.

म्हणून शक्य असेल तिथे पी१६ पॉझिटिव्ह निकालानंतर विषाणूची प्रत्यक्ष तपासणी करावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही विषाणूच्या ई६ आणि ई७ जनुकांचा आरएनए ऊतकात शोधणारी तपासणी सर्वांत अर्थपूर्ण आहे, कारण विषाणू तिथे नुसता हजर नसून काम करतो आहे हे ती दाखवते. पीसीआरने केवळ डीएनए शोधला, तर कर्करोगाशी संबंध नसलेला, वाटेवरचा विषाणूही सापडू शकतो.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. काही रुग्णांना घशात काहीच त्रास नसतो आणि मानेत पाणी भरलेल्या पिशवीसारखी गाठ येते. प्रौढ वयात अशी गाठ ‘जन्मजात, निरुपद्रवी’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. ती टॉन्सिलमधल्या अगदी लहान विषाणूजन्य कर्करोगातून आलेली असू शकते. अशा गाठीत कर्कपेशी सापडल्या, पण मूळ जागा सापडली नाही, तर पी१६ आणि विषाणूच्या तपासणीवरून टॉन्सिल व जिभेच्या मुळाकडे शोध वळवता येतो. त्वचेच्या काही कर्करोगांमध्येही पी१६ वाढलेले असते, त्यामुळे इथे तर नुसत्या पी१६वर थांबूच नये.

वाचनवेडा

माझ्या भावाला स्वरयंत्राचा कर्करोग आहे आणि त्याच्या रिपोर्टमध्येही पी१६ पॉझिटिव्ह आले आहे. वरचे आकडे त्याला लागू होतील का?

सूक्ष्मदर्शी

नाही, ते आकडे तसेच्या तसे लावू नयेत. स्वरयंत्रात विषाणूजन्य कर्करोगाचा वाटा लहान आहे, टप्प्यांचे स्वतंत्र कोष्टकही त्या जागेसाठी नाही, आणि तिथल्या पी१६ निकालावरून उपचार बदलत नाहीत. भावाच्या बाबतीत गाठीचा पसारा, स्वरतंतूंची हालचाल आणि मानेतल्या गाठी यांवरूनच डॉक्टर अंदाज बांधतील.

वाचनवेडा

आभारी आहे. मग एक सर्वसाधारण शंका: तोंडामागच्या भागाच्या विषाणूजन्य कर्करोगात इतके चांगले निकाल येत असतील, तर रुग्णांना पूर्ण मात्रेचे रेडिएशन आणि केमो का द्यावे? तोंड कायमचे कोरडे पडणे आणि गिळताना होणारा त्रास मी जवळून पाहिला आहे.

शोधयात्री

हा प्रश्न या क्षेत्रातला सर्वांत कळीचा आहे. विषाणूजन्य कर्करोगाचे रुग्ण तुलनेने तरुण असतात आणि बरे झाल्यावर पुढे अनेक वर्षे जगतात, त्यामुळे उपचारांचे दुष्परिणामही त्यांना तितकीच वर्षे सोसावे लागतात. म्हणूनच उपचार सौम्य करून पाहण्याचे प्रयत्न मोठ्या आशेने सुरू झाले.

त्यातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ साली आले. दोन्हींमध्ये रेडिएशन तेच ठेवून सिस्प्लॅटिनच्या जागी सेटुक्सिमॅब हे औषध दिले होते, कारण ते कमी त्रासदायक ठरेल अशी अपेक्षा होती. अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण सिस्प्लॅटिन गटात ८४.६ टक्के आणि सेटुक्सिमॅब गटात ७७.९ टक्के आले. युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनंतरचे आकडे अनुक्रमे ९७.५ आणि ८९.४ टक्के होते. एकूण त्रासही म्हणावा तसा कमी झाला नाही. ज्या रुग्णांचे भविष्य सर्वांत चांगले मानले जाते त्यांच्यातच उपचार बदलल्यामुळे टाळता येण्याजोगे मृत्यू झाले, हे वाचताना मला आजही वाईट वाटते. पुढे रेडिएशनची मात्रा ७० ग्रेवरून (ग्रे हे त्या मात्रेचे एकक) ६० ग्रेवर आणून पाहणाऱ्या मोठ्या चाचणीतही पूर्ण मात्रेच्या गटाचे निकाल इतके चांगले आले की कमी मात्रा त्यांच्या बरोबरीची ठरली नाही.

यातला तर्क असा आहे. एखाद्या खुणेवरून रुग्णाचे एकंदर भविष्य चांगले असल्याचे कळणे, आणि त्याच खुणेवरून कोणता उपचार वगळता येईल हे कळणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन्हींसाठी स्वतंत्र पुरावा लागतो. पी१६ आणि एचपीव्ही यांच्याबाबत पहिल्या गोष्टीचा पुरावा भरभक्कम आहे. दुसरीचा पुरावा अजून तितका जमलेला नाही. तोंडातून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर निवडक रुग्णांना ५० ग्रे एवढी कमी मात्रा देण्याचे निकाल आश्वासक आहेत, पण ती निवड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या कडा आणि मानेतल्या गाठींची तपासणी यांवरून झालेली होती. म्हणून चाचणीच्या बाहेर, केवळ पी१६च्या बळावर उपचार कमी करून घेण्याचा आग्रह कुणी धरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेडिएशन देताना लाळग्रंथी आणि गिळण्याचे स्नायू वाचवण्याची नियोजनपद्धती, तसेच उपचारांच्या आधीपासून गिळण्याचे व्यायाम, यांविषयी मात्र जरूर विचारावे.

किनारा

आम्हाला जनुकांच्या तपासणीचा एक लांबलचक रिपोर्ट मिळाला आहे आणि त्यात पी५३, पीआयके३सीए, पीडी-एल१ अशी नावे आहेत. त्यांचाही अंदाज बांधण्यासाठी उपयोग होतो का? दुसरे विचारायला संकोच वाटतो, पण विचारते: यजमानांचा कर्करोग एचपीव्हीमुळे झाला असे सांगितले आहे, तर याचा अर्थ काय घ्यायचा, आणि मला धोका आहे का?

सूक्ष्मदर्शी

किनाराताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनाला जास्त लागलेला दिसतो. हा विषाणू अतिशय सार्वत्रिक आहे; लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होते आणि तोंडातली लागण बहुतेकांमध्ये एक-दोन वर्षांत आपोआप नाहीशी होते. थोड्यांमध्ये ती टिकते आणि तिच्यातून कर्करोग व्हायला अनेकदा दशके जातात. कर्करोगाचे निदान होण्याच्या दहा वर्षांहून अधिक काळ आधी घेतलेल्या रक्तातही काही रुग्णांमध्ये ई६विरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली आहेत. म्हणून आजच्या निदानावरून यजमानांच्या वागण्याविषयी किंवा निष्ठेविषयी काहीही निष्कर्ष निघत नाही. तुमच्यापुरते सांगायचे तर गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी नियमित करत राहावी. घशासाठी लक्षणे नसलेल्यांना करण्याजोगी कोणतीही सिद्ध झालेली चाळणी-तपासणी नाही. लस नव्या लागणीपासून वाचवते, झालेला कर्करोग किंवा रुजलेली लागण ती बरी करत नाही.

आता जनुकांविषयी. विषाणू नसलेल्या गाठींमध्ये पी५३च्या जनुकात बहुतांश वेळा बदल सापडतात, आणि ते वाईट भविष्याशी निगडित आहेत. विषाणूजन्य गाठींमध्ये पी५३चे जनुक सहसा शाबूत असते, कारण ई६ त्या प्रथिनाचाच नाश करत असते. रेडिएशनला या गाठी चांगला प्रतिसाद देतात त्यामागचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. त्यांच्यात पीआयके३सीए या जनुकामधले बदल वारंवार आढळतात. ट्राफ३ आणि सीवायएलडी या जनुकांमधले दोष असलेल्या विषाणूजन्य गाठींचे निकाल तुलनेने चांगले येतात असेही दिसले आहे. गाठीत शिरलेल्या प्रतिकारक पेशी भरपूर असणे हीदेखील शुभ खूण आहे. परंतु यांपैकी कोणत्याही गोष्टीवरून पहिल्या उपचारांची योजना आज बदलली जात नाही. पीडी-एल१चे तसे नाही. हे गाठीतल्या पेशींवरचे एक प्रथिन आहे आणि त्याचे प्रमाण गुणांकाने सांगतात: रोग परत आला किंवा दूर पसरला, तर प्रतिकारशक्तीवर काम करणारे पेम्ब्रोलिझुमॅब एकटे द्यावे की केमोसोबत, हे ठरवताना त्या गुणांकाचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

चांदणवेल

उपचार संपल्यावर रोग परत येतो आहे का, हे रक्तातून कळते असे ऐकले. ते खरे आहे का?

शोधयात्री

काही अंशी खरे आहे. विषाणूजन्य गाठीतल्या पेशी मरताना विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात आणि ते मोजता येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११५ रुग्णांचे रक्त उपचारांनंतर ठरावीक काळाने तपासले गेले. सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात ८७ जणांमध्ये हा डीएनए एकदाही सापडला नाही आणि त्यांच्यातल्या कुणाचाही रोग परतला नाही. उरलेल्या २८ जणांमध्ये तो केव्हा ना केव्हा सापडला आणि त्यांपैकी १५ जणांचा रोग परतला. म्हणजे एका पॉझिटिव्ह निकालावरून घाबरून जाऊ नये, तपासणी पुन्हा करावी. लागोपाठ दोन पॉझिटिव्ह निकाल आले तर मात्र शोध घ्यावाच लागतो, कारण त्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ९४ टक्क्यांचा रोग खरोखर परतला होता.

नाकामागच्या भागाच्या कर्करोगात हीच पद्धत अधिक पुढे गेलेली आहे, फक्त तिथला विषाणू एप्स्टीन-बार हा आहे. हाँगकाँगमध्ये लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांच्या रक्तात त्याचा डीएनए शोधला गेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार ३४ जणांमध्ये कर्करोग सापडला. त्यांतले ७१ टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात होते, तर पूर्वी नेहमीच्या पद्धतीने निदान झालेल्यांमध्ये हे प्रमाण २० टक्के होते. त्या कर्करोगात उपचारांनंतरही रक्तात हा डीएनए शिल्लक राहिला, तर ते रोग परतण्याचे गंभीर लक्षण मानले जाते.

सासऱ्यांच्या बाबतीत ही तपासणी उपलब्ध असेल तर ती उपचार सुरू होण्याआधी एकदा करून घ्यावी. काही गाठी रक्तात डीएनए सोडतच नाहीत, आणि सुरुवातीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या निगेटिव्ह निकालाचा अर्थ लावता येत नाही. तपासणी निगेटिव्ह आली तरी घशाची दुर्बिणीतून पाहणी आणि ठरलेले स्कॅन चालू ठेवावेत, कारण विषाणूजन्य कर्करोग कधी कधी उशिरा आणि फुप्फुसासारख्या दूरच्या ठिकाणी परततो.

चांदणवेल

समजले. उद्याच्या भेटीत सुरुवातीच्या रक्ततपासणीविषयी, वर्गीकरणाच्या आवृत्तीविषयी आणि आरएनएच्या तपासणीविषयी विचारते. सिगारेटचा हिशेबही लिहून नेते. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच कळवीन.